त्रयोदशीचं पाणी

शिक्षिकेच्या नोकरीचा आदेश आला तेव्हा माझी लेक अकरा महिन्यांची होती. जिल्ह्याचं नाव वाचून नवऱ्यानं मोबाइलवर नकाशा उघडला, बोटांनी मोठा केला, पुन्हा लहान केला आणि म्हणाला, "हे तं एकदम कडंला हाय. ह्याच्या पुढं काहीच न्हाई."

तो वसमतच्या एका कॉलेजात क्लार्क. आमचं घर औंढ्याला, देवळापासून चार पावलांवर. तो रोज एसटीनं जायचा-यायचा. त्याला नोकरी सोडता येणार नव्हती आणि मला मिळालेली सोडायची नव्हती. सासूबाईंनी लेकीला माझ्या कडेवरून घेतलं आणि म्हणाल्या, "तू जाय. लेकरू मी बघते." सासूबाईंना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तशीच रीत आहे. त्यांनी तीस वर्षं देवळासमोर बेलफुलाचं दुकान चालवलं होतं. बोलायच्या कमी, पण बोलल्या की ते काम झालंच म्हणून समजायचं.

पहिली दोन वर्षं मी त्या समुद्रकाठच्या गावात एकटी राहिले. आमच्या मराठवाड्यातली बरीच मुलं-मुली तिकडच्या शाळांवर आहेत. भेटलं की सगळ्यांचा एकच विषय, बदली कधी. मीही आले त्या दिवसापासून दिवस मोजायला लागले होते. त्यामुळं गाव मी बघत होते, पण पाहुण्यानं बघावं तसं, पिशवी मांडीवर ठेवून.

गाव खाडीच्या तोंडाशी होतं. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि मागं जांभ्या दगडाचा सडा. सडा म्हणजे डोंगराचा सपाट माथा. उन्हाळ्यात तो करपलेल्या भाकरीसारखा काळा पडायचा आणि श्रावण-भाद्रपदात त्याच दगडावर बोटभर उंचीची जांभळी-पिवळी फुलं यायची. माती लाल. आमच्या काळ्या रानात बोट खुपसलं तर ओल हाताला लागते, इथं पाऊस धो धो पडायचा आणि सगळा समुद्राला मिळायचा. वैशाखात विहिरी तळाला जायच्या. समोर क्षितिजापर्यंत पाणी आणि घरात दोन हंडे, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही.

सगळ्यात त्रास व्हायचा तो आवाजाचा. समुद्र एक क्षण गप्प बसत नाही. सुरूच्या बनातून वारा शिरला की त्यात आणखी एक सुस्कारा मिसळायचा. खाऱ्या हवेनं माझ्या लोखंडी कॉटला गंज चढला, पुस्तकांना बुरशी आली, वाळत घातलेला कपडा कधी पुरता वाळला नाही. मी वर्गात शिकवताना बोलता बोलता थांबायचे. मुलं विचारायची, "बाई, काय झालं?" काही झालेलं नसायचं. आत सारखं काहीतरी हलत असायचं, एवढंच.

लेक तीन वर्षांची झाली तेव्हा आत्या तिला घेऊन माझ्याकडं आल्या. थोरले दीर वेगळे राहायचे, दुकान त्यांच्याकडं गेलं होतं. आत्या गाडीतून उतरल्या, समुद्राकडं बघितलं आणि पदर नाकाला लावला. शेजारच्या काकूंनी अंगणात मासळी सुकत घातली होती. आमच्या घरात मासळीचा वाससुद्धा कुणाला माहीत नव्हता.

"हे असंच राहतंय व्हय रोज?" त्यांनी विचारलं.

"रोज, आत्या."

"बरं," म्हणाल्या, आणि पिशवीतून ज्वारीचं पीठ काढून भाकरी थापायला बसल्या.

पहिला महिना त्या दारातच बसून असायच्या. मी शाळेतून आले की विचारायच्या, "आता पुढं काय करू?" घर दोन खोल्यांचं, काम तासाभरात उरकायचं. लेक बालवाडीत जायला लागली होती. दिवसभर हार गुंफलेल्या बाईच्या हाताला काही नव्हतं. त्या पदराचा काठ बोटांनी दुमडायच्या आणि उलगडायच्या.

शेजारच्या काकू साठीच्या, विधवा, अंगानं काटक. ओहोटी लागली की कोयती आणि बालदी घेऊन खाडीत जायच्या आणि वाळूत रुतलेले मुळे, म्हणजे शिंपल्यांतलं खाणं, काढून आणायच्या. एक दिवस त्यांनी कुंपणापलीकडून आत्यांना हाक मारली, "ओ बाय, बसून काय ऱ्हवताव? चला माझ्याबरोबर."

"मी खात न्हाई ते," आत्या म्हणाल्या.

"खाऊ नका. काढू लागा."

आत्या गेल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखल होता आणि तोंडावर मी लग्नानंतर कधी न पाहिलेलं हसू. "अगं, पायाला लागतात ते. डोळ्यानं न्हाई, तळव्यानं हुडकायचं." सगळी बालदी त्यांनी काकूंना देऊन टाकली होती.

मग ते रोजचंच झालं. काकूंनी त्यांना भरती-ओहोटीचा हिशेब शिकवला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढे वाजता पाणी भरतं. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. भरल्यापासून सहा-सव्वासहा तासांनी पुरती ओहोटी. आत्यांना तिथी कधी कॅलेंडरात बघावी लागली नव्हती. कुठल्या दिवशी किती बेल लागेल हे त्याच्यावरच ठरायचं. आठ दिवसांत त्या काकूंच्या आधी वेळ सांगायला लागल्या. अमावास्या-पुनवेच्या आसपास पाणी लांबवर हटतं आणि तितक्याच जोरात परत येतं, अष्टमीच्या सुमाराला ते आळसावलेलं असतं, हेही त्यांनी पाठ करून टाकलं. लेकीला घेऊन त्या खाडीच्या कडेनं फिरायच्या. तिवरांची मुळं चिखलातून बोटांसारखी वर का आलेली असतात, लाल खेकडा एकच नांगी का हलवतो, असलं लेक मला येऊन सांगायची. मी हो हो म्हणायचे आणि मोबाइलवर बदलीचं काही आलंय का ते बघायचे.

नवरा वर्षातून दोनदा यायचा, दिवाळीला आणि उन्हाळ्यात. येताना हळद, तूरडाळ आणि शेवया घेऊन यायचा. दोन दिवस झोपायचा, तिसऱ्या दिवशी परतीच्या गाडीचं बघायचा. मी त्याला समुद्रावर चल म्हटलं तर म्हणायचा, "आता बदली झाल्यावर काय, सगळं बघून झालं." फोनवरही पहिला प्रश्न तोच, "काही कळलं का?"

पाचव्या वर्षी, मार्चअखेरचा एक शनिवार होता. सकाळची शाळा. तिसऱ्या तासाला बदलीची यादी मोबाइलवर आली. आमच्या तालुक्यातल्या तिघांची नावं होती. तिघेही माझ्यानंतर लागलेले. माझं नाव नव्हतं. मी यादी वरून खाली तीनदा वाचली, मग फळ्यावरचं अर्धं राहिलेलं गणित पूर्ण केलं.

घरी आले तेव्हा आत्या सुपात भगर निवडत होत्या. त्रयोदशी होती, शनिप्रदोष, त्यांचा उपास. प्रदोषाला, त्यातून शनिवारच्या, औंढ्याला गर्दी असते. सकाळपासून त्या दोनदा म्हणाल्या होत्या, आज दुकानात फुलं पुरायची न्हाईत.

"आत्या, यादीत नाव न्हाई," मी म्हटलं.

त्यांनी मान वर केली नाही. "बरं झालं," म्हणाल्या.

मला ऐकू आलं ते खरं वाटेना. "काय बरं झालं?"

"न्हाई झाली तं बरं झालं म्हणलं."

पाच वर्षांचं सगळं माझ्या तोंडात आलं. "तुमचा लेक तिकडं एकटा हातानं करून खाऊन राहिला. लेकीला बाप वर्षातून दोन डाव दिसतो. आन् तुमाला बरं वाटतंय? तुमाला काय तकलीफ हाय इथं? फिरायला दर्या भेटला फुकटचा!"

लेक दारात उभी होती. आत्यांनी सूप बाजूला ठेवलं. "जेवून घे," एवढंच म्हणाल्या. तीनच्या सुमाराला कोयती आणि बालदी घेऊन त्या एकट्याच गेल्या. काकू त्या दिवशी तालुक्याला भाचीकडं गेल्या होत्या. मी त्यांना जाताना बघितलं आणि हाक मारली नाही.

मी जेवले नाही. वह्या तपासायला घेतल्या आणि एकाच वहीवर बराच वेळ बसून राहिले. साडेपाचला लेक म्हणाली, "आई, आजी अजून आली न्हाई. आज तर दिवा लावायचाय तिला."

तेव्हा मला एकदम भान आलं. प्रदोषाची पूजा सूर्य मावळताना. आत्या ती चुकवणाऱ्या नव्हत्या. उपास असला की पाचलाच पाय धुऊन बसायच्या. त्रयोदशी. सकाळी पावणेदहाला भरती, चारला ओहोटी. म्हणजे पाणी फिरून दीड तास झाला होता. मी लेकीला समोरच्या घरी बसवलं आणि खाडीकडं पळत सुटले.

खाडीच्या तोंडाशी वाळूचा लांब पट्टा आहे. तिथं त्याला दांडा म्हणतात. ओहोटीला काठावरून चालत दांड्यावर जाता येतं, मध्ये फक्त घोटाभर पाण्याची एक चर असते. भरती लागली की आधी ती चर भरते आणि दांडा नंतर बुडतो. त्यामुळं दांड्यावरच्या माणसाला पायाखाली कोरडं दिसत राहतं आणि मागचा रस्ता गेलेला असतो.

मी पोचले तेव्हा चर भरली होती. समुद्राकडून जोराचा वारा होता आणि पाणी त्याच्या पुढं पुढं आत ढकललं जात होतं. पलीकडं, दांड्याच्या सगळ्यात उंच भागावर, आत्या बसल्या होत्या. बालदी शेजारी. दोन्ही हात गुडघ्यांभोवती. त्यांच्या मागं सूर्य तांबडा झाला होता आणि कुरव पक्ष्यांचा एक थवा त्यांच्यापासून दहा हातांवर बसला होता, जणू त्या तिथल्याच होत्या.

मी ओरडले, "आत्या!"

त्या उठून उभ्या राहिल्या. काहीतरी म्हणाल्या, वाऱ्यानं ते नेलं.

मला पोहता येत नाही. आमच्याकडं पोहणार कुठं? तरी मी पाण्यात शिरले. गुडघे, मांड्या, कंबर. साडी पायांना आवळली. पायाखालची वाळू सरकत होती, पाऊल टाकलं की खड्डा व्हायचा. पाणी छातीला लागलं तेव्हा आत्यांचा आवाज स्पष्ट आला. तसा आवाज त्यांनी कधी काढला नव्हता. "माघारी फिर! माघारी फिर म्हणते ना! लेकराला आई लागती!"

मी फिरले नाही. पुढंही जाता येईना. पाण्याचा जोर मला कडेला ढकलत होता आणि मी दोन्ही हात पसरून नुसती उभी होते. त्या वेळी मागून कुणीतरी ओरडलं. काठावर उलट्या घातलेल्या होडीला डांबर लावणारे एक गृहस्थ होते. त्यांनी दुसरी लहान होडी पाण्यात ढकलली होती. "हलू नको गो! हलू नको तितून!" बांबू रेटत ते माझ्याजवळ आले, दंडाला धरून मला वर ओढलं आणि दांड्याकडं होडी वळवली.

आत्या पाण्याच्या कडेला आल्या होत्या. चढताना त्यांनी आधी बालदी आत दिली. बालदी अर्धी भरलेली होती.

आम्ही परत फिरलो. माझे दात वाजत होते. काठ जवळ आल्यावर त्या गृहस्थांनी विचारलं, "आजी, तुम्हाला तर पाण्याची वेळ आमच्यापेक्षा चांगली कळते. आज कशा अडकलात?"

आत्या म्हणाल्या, "अडकले न्हाई. पाणी चढताना मला दिसून राहिलं होतं. मीच उठले न्हाई."

होडी वाळूला लागली. त्यांनी मला हात देऊन उतरवलं.

घरी येऊन त्यांनी कोरडं लुगडं नेसलं, दिवा लावला, पूजा केली. सूर्य केव्हाच बुडाला होता. मग भगर शिजवून आम्हा दोघींना वाढली. लेक आजीच्या मांडीला चिकटून बसली होती. मी म्हटलं, "आत्या, मी बोलले ते चुकलं."

"चुकलं न्हाई. बराबर बोलली तू." मग त्या म्हणाल्या, "पर मी बरं झालं काहून म्हणलं ते तू इचारलं न्हाई."

"काहून?"

"औंढ्याला जाऊन मी काय करू? दुकान थोरल्याचं. मी गेले की सूनबाई खुर्ची देती. म्हणती, आई, तुमी बसा. हार करू लागले तं म्हणती, राहू द्या, बसा. बसा, बसा. तुमी तिकडं जाणार, कामाला लागणार. मी तितं बसूनच मरणार. इथं निदान कुणी बस म्हणत न्हाई."

हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. भगरीवर ताक ओतता ओतता सांगितलं. मी पाच वर्षं सगळ्यांच्या वतीनं घरी जायची वाट बघत होते. आत्यांना जायचंय का, हे मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, त्या माझ्यासाठी इथं अडकल्यात.

दुसऱ्या दिवशी काकू परत आल्या. त्यांना गावातून सगळं कळलं होतं. कुंपणाशी उभं राहून त्यांनी आत्यांना जे झापलं ते अर्ध्या वाडीनं ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "रागात दर्यावर जायचा नाय, बाय. घरात भांडा, भांडी आपटा, मग जा." आत्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्या आठवड्यात त्या खाडीत गेल्या नाहीत. नंतर पुन्हा जायला लागल्या, पण काकूंबरोबरच. मीही कधी कधी रविवारी जायला लागले. तळव्याला मुळ्याची कड लागली की काय वाटतं ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या वर्षी यादीत माझं नाव आलं. शिरड शहापूरच्या बाजूची शाळा. मी मोबाइल आत्यांच्या पुढं धरला. त्यांना वाचता येतं, त्यांनी सावकाश वाचलं. मी विचारलं, "जायचं का?"

"आता इचारते व्हय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. मग म्हणाल्या, "जाऊ. पोरीला बाप पायजे. माझं मी बघते."

त्यांनी बघितलंही. औंढ्याला पोचल्याच्या दुसऱ्या सकाळी त्या दुकानात गेल्या आणि थोरल्या दिरांना सांगितलं की सकाळी दहापर्यंत दुकान माझं, त्याच्यानंतर तुझं. जाऊबाईंनी खुर्ची पुढं केली तर म्हणाल्या, "ती तुला ठेव. तू थकतेस." जाऊबाईंना उलट बरंच वाटलं, त्यांना सकाळी डबे करायचे असतात. आता आत्या पहाटे बेल निवडायला बसतात. गिऱ्हाइकांशी भांडतात. त्यांचं छान चाललंय. लेकीचंही. तिची भाषा महिन्याभरात बदलली, फक्त रागावली की ती अजून "नाय" म्हणते.

घडी बसली नाही ती माझी. ज्या रानासाठी मी सहा वर्षं झुरले, ते आता रोज एसटीच्या खिडकीतून दिसतं. तूर, कापूस, हळदीची हिरवी पानं, मग उघडी काळी ढेकळं. माघ-फाल्गुनात हळद शिजवायला लागले की सगळ्या वाटेवर तो कडवट उष्ण वास असतो. मला तो आवडतो. तरी शाळा सुटल्यावर मी बांधाबांधानं उगीच चालत राहते. जमीन इतकी स्थिर आहे की मलाच हलावंसं वाटतं. दुपारी चार वाजले की काहीतरी बघायचं राहून गेलंय असं होतं. शाळेतल्या एका बाईंनी विचारलं, "मॅडम, तुमाला इथं करमत न्हाई का?" मी म्हटलं, करमतं की. ते खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं.

घरात मी कुणाशी बोलले नाही. सहा वर्षं ज्याच्यासाठी सगळ्यांना वेठीला धरलं ते मिळाल्यावर, आता हेही नको वाटतंय असं कोणत्या तोंडानं सांगणार? मी चिडचिड करायला लागले. भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून लेकीवर ओरडले, आणि भाजी मीच केली होती.

गेल्या महिन्यात एका रविवारी नवऱ्यानं मोटरसायकल काढली आणि म्हणाला, "चाल, जरा जाऊन येऊ." कुठं ते सांगितलं नाही. सिद्धेश्वर धरणाच्या मागच्या अंगाला नेलं. पाणी बरंच खाली गेलं होतं. उघड्या पडलेल्या गाळावर कुणीतरी टरबुजाचे वेल लावले होते. लांबवर दोघं जण जाळं ओढत होते. आम्ही एका बाभळीखाली बसलो. पाण्याला लाट नव्हती, नुसती वाऱ्याची शिरशिरी.

बराच वेळ तो गवताची काडी मोडत बसला. मग म्हणाला, "तुला तिकडचं ध्यानात येऊन राहिलं ना?"

मी जाळं ओढणाऱ्या त्या दोघांकडं बघत राहिले.

"आई म्हणली मला. म्हणली, ती सांगायची न्हाई, तूच इचार." त्यानं काडी टाकून दिली. "मी तितं बारा डाव आलो आसन. दर्यावर एकडावबी गेलो न्हाई. मला वाटायचं, तो बघितला की तू तितलीच होशील."

मला रडू आलं, आणि रागही आला, दोन्ही एकदम. मी म्हटलं, "आता काय उपयोग बोलून?"

"उपयोगाचं न्हाई इचारलं. कसं होतं ते सांग."

कुठून सुरू करावं ते मला कळेना. मी सड्यापासून सुरुवात केली. उन्हाळ्यात तो कसा काळा पडतो ते सांगितलं. त्यानं विचारलं, मग त्या दगडावर फुलाला माती कुठून मिळते? मी म्हटलं, दगडाच्या खळग्यांत चिमूटभर साठते, तेवढी त्यांना पुरते. मग तिवरं, खेकडे, सुरूचं बन, गंजलेली कॉट. तो मध्ये मध्ये विचारत राहिला. त्याचे प्रश्न शेतकऱ्यासारखे होते, कोणत्या मातीत काय येतं आणि गुरं काय खातात. काहींची उत्तरं मला माहीत नव्हती.

दांड्यावरचा तो दिवस आम्ही त्याला कधी सांगितला नव्हता. तोही मी त्या दुपारी सांगितला. त्यानं माझा हात घट्ट धरला, इतका की बांगडी रुतली.

ऊन कलल्यावर आम्ही उठलो. गाडीला किक मारताना तो म्हणाला, "मे महिन्यात जाऊ. चौघंबी."

मी म्हटलं, "आत्या येतील?"

"तिनं कव्हाच पिशवी काढून ठेवली," तो म्हणाला.